लहान स्वच्छता सेवा व्यवसाय : सुरुवात, नोंदणी, कर्ज आणि कामगारांची सुरक्षा

घरे, दुकाने, दवाखाने, कार्यालये, शाळा आणि गृहनिर्माण संस्था यांची साफसफाई मोबदला घेऊन करून देणे म्हणजे स्वच्छता सेवा व्यवसाय. हा व्यवसाय कमी भांडवलात सुरू होतो. त्याला दुकानाचा गाळा लागत नाही आणि पदवीही लागत नाही. गावातील एक-दोन माणसांपासून शहरातील वीस-पंचवीस कामगारांच्या संस्थेपर्यंत तो वाढू शकतो. मात्र नोंदणी नसणे, दर चुकीचा लावणे, बिलाचे पैसे अडकणे आणि कामावर अपघात होणे या चार कारणांमुळे अनेक जण अडचणीत येतात. या चारही बाबींसाठी उपलब्ध असलेल्या शासकीय योजना आणि कायदेशीर तरतुदी या लेखात एकत्र दिल्या आहेत.

हा लेख कोणासाठी आहे?

• घरकाम किंवा हाउसकीपिंगचा अनुभव असलेल्या आणि आता स्वतःचे काम सुरू करू इच्छिणाऱ्या व्यक्ती
• महिला बचत गट व त्यांचे सदस्य
• सफाई कामगार आणि त्यांच्या कुटुंबातील तरुण
• आधीच काम करत असलेले, पण नोंदणी न केलेले लहान कंत्राटदार

१. कोणते काम घ्यावे, कोणते घेऊ नये

सुरुवातीला एक किंवा दोन प्रकारची कामेच निवडावीत. प्रत्येक प्रकाराची साधने, वेळ आणि दर वेगळे असतात.

• घरांची संपूर्ण सफाई : सणापूर्वी किंवा घर बदलताना मागणी जास्त असते. दिवाळीच्या आधीचे काही आठवडे हा सर्वांत मोठा हंगाम असतो, त्यानंतर मागणी उतरते.
• गृहनिर्माण संस्थांचे मासिक काम : जिने, पार्किंग, गच्ची आणि आवार. दर कमी मिळतो, पण दरमहा ठरलेली रक्कम येते.
• कार्यालये, बँका व दवाखाने : काम सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा करावे लागते. बिल, नोंदणी आणि कामगारांची कागदपत्रे मागितली जातात.
• पाण्याच्या टाक्यांची सफाई : यंत्रे आणि प्रशिक्षण असल्याशिवाय हे काम घेऊ नये.

मैला टाकी (सेप्टिक टँक) आणि गटार यांत माणूस उतरवून सफाई करण्याचे काम कोणत्याही दरात स्वीकारू नये. याचे कायदेशीर कारण भाग ७ मध्ये दिले आहे.

२. सुरुवातीची साधने

पहिल्या दिवशीच महाग यंत्रे घेण्याची गरज नाही. दोन माणसांच्या कामासाठी पुढील साधने पुरतात.

• केरसुणी, खराटा, लांब दांड्याचा ब्रश, वायपर, पोछा आणि पिळणीची बादली
• मायक्रोफायबर फडकी, किमान तीन रंगांची. सर्वसाधारण पद्धत अशी : लाल फडके शौचालयासाठी, हिरवे स्वयंपाकघरासाठी, निळे इतर खोल्यांसाठी. एका जागेचे फडके दुसरीकडे जात नाही, त्यामुळे जंतूंचा प्रसार टळतो.
• रबरी हातमोजे, गमबूट, मास्क आणि डोळ्यांचा चष्मा
• न घसरणाऱ्या पायांची घडीची शिडी
• ओले व कोरडे दोन्ही शोषणारा व्हॅक्यूम क्लीनर. तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग तपासूनच वापरावा.

फरशी घासण्याचे स्क्रबर यंत्र सुरुवातीला भाड्याने घ्यावे. महिन्यातून किती दिवस ते लागते याची नोंद ठेवावी. भाड्याची रक्कम कर्जाच्या हप्त्याएवढी होऊ लागली की यंत्र विकत घेण्याचा विचार करावा.

रसायनांबाबत पुढील तीन गोष्टी प्रत्येक कामगाराला पाठ असल्या पाहिजेत.

• ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइट किंवा ब्लीचिंग पावडर) आणि ॲसिड एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू बाहेर पडतो. शौचालय साफ करण्याच्या बहुतेक द्रवांत ॲसिड असते, म्हणून आधी एक वापरून भरपूर पाण्याने धुतल्याशिवाय दुसरे ओतू नये.
• ब्लीच आणि अमोनिया असलेले काच साफ करण्याचे द्रव एकत्र करू नये. त्यातूनही विषारी वायू तयार होतो.
• संगमरवर, कोटा आणि शहाबाद फरशीवर ॲसिड वापरू नये. हे दगड चुन्याच्या जातीचे असल्याने ॲसिड त्यांना खाते आणि चकाकी कायमची जाते. नुकसानभरपाई कंत्राटदाराला द्यावी लागते.

रसायने पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवू नयेत. बाटलीवर नाव लिहिलेले असावे.

३. नोंदणी

(अ) उद्यम नोंदणी

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीची ही नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. ती पूर्णपणे मोफत आणि ऑनलाइन आहे. आधार क्रमांक आणि पॅन लागतो, कोणतेही कागदपत्र अपलोड करावे लागत नाही. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतील गुंतवणूक २.५ कोटी रुपयांपर्यंत आणि वार्षिक उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योग ‘सूक्ष्म’ मानला जातो. त्यामुळे जवळपास प्रत्येक लहान स्वच्छता सेवा व्यवसाय या गटात येतो.

अर्जात व्यवसायाचा प्रकार ‘सेवा’ असा निवडावा. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात इमारतींची सर्वसाधारण सफाई ८१२१ या वर्गात आणि इतर इमारत व औद्योगिक सफाई ८१२९ या वर्गात येते.

ज्यांच्याकडे पॅन किंवा जीएसटी नोंदणी नाही अशा अनौपचारिक सूक्ष्म उद्योगांसाठी जानेवारी २०२३ पासून ‘उद्यम असिस्ट’ ही सोय आहे. ती बँक किंवा अन्य नेमलेल्या वित्तसंस्थेमार्फत होते.

सावधान : उद्यम नोंदणीसाठी पैसे मागणारी अनेक खासगी संकेतस्थळे आहेत. त्यांची मांडणी सरकारी संकेतस्थळासारखी दिसते. कोणी शुल्क मागितले तर ते शासकीय पोर्टल नाही असे समजावे.

(आ) दुकाने व आस्थापना नोंदणी

ही राज्य शासनाची नोंदणी आहे, त्यामुळे नियम राज्यानुसार बदलतात. महाराष्ट्रात तिला बोलीभाषेत ‘शॉप ॲक्ट’ किंवा ‘गुमास्ता’ म्हणतात. २०१७ च्या कायद्यानुसार कमी कामगार असलेल्या आस्थापनांना नोंदणीऐवजी केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते. बेळगाव, बिदर, इंदूर किंवा बडोदा येथे काम करणाऱ्यांनी आपापल्या राज्याच्या कामगार विभागाच्या पोर्टलवर अर्ज करावा. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत व्यवसाय कराचीही नोंदणी लागते.

(इ) जीएसटी

केवळ सेवा देणाऱ्या व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेल्यास जीएसटी नोंदणी बंधनकारक होते. मणिपूर, मिझोराम, नागालँड आणि त्रिपुरा या राज्यांत ही मर्यादा १० लाख रुपये आहे. साफसफाई सेवेवर सर्वसाधारण दर १८ टक्के आहे. ५० लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या सेवा व्यवसायांना अटींसह ६ टक्के दराची आपसमेळ योजना निवडता येते. मात्र या योजनेत ग्राहकाकडून बिलात वेगळा कर घेता येत नाही.

नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावणे हा गुन्हा आहे. नोंदणी नसेल तर साधे बिल द्यावे.

४. भांडवल : कोणती योजना कोणासाठी

(अ) प्रधानमंत्री मुद्रा योजना

८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या या योजनेत तारण न घेता कर्ज मिळते.

• शिशू : ५० हजार रुपयांपर्यंत
• किशोर : ५० हजार ते ५ लाख रुपये
• तरुण : ५ लाख ते १० लाख रुपये
• तरुण प्लस : १० लाख ते २० लाख रुपये. ‘तरुण’ कर्ज घेऊन व्यवस्थित फेडलेल्यांनाच हे मिळते.

दोन-तीन माणसांच्या कामासाठी शिशू गट पुरेसा ठरतो. ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, छायाचित्रे आणि घ्यावयाच्या साधनांचे कोटेशन जोडावे. अर्ज बँकेच्या शाखेत किंवा ‘जनसमर्थ’ पोर्टलवर करता येतो. मुद्रा कर्जासाठी शासनाने किंवा मुद्रा संस्थेने कोणताही एजंट नेमलेला नाही. ‘कर्ज मंजूर झाले आहे, आधी फी भरा’ असा फोन आल्यास पैसे भरू नयेत. अशी फसवणूक झाल्यास १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच तक्रार करावी.

(आ) प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम

हा कार्यक्रम फक्त नवीन उद्योगासाठी आहे. सेवा क्षेत्रात प्रकल्प खर्चाची कमाल मर्यादा २० लाख रुपये आहे. अर्जदाराचे वय १८ वर्षांपेक्षा जास्त असावे. सेवा प्रकल्प ५ लाख रुपयांपेक्षा मोठा असेल तर किमान आठवी उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. पती-पत्नीपैकी एकालाच लाभ मिळतो.

अनुदानाचे प्रमाण असे आहे :

• सर्वसाधारण प्रवर्ग : शहरी भागात १५ टक्के, ग्रामीण भागात २५ टक्के. स्वतःचा हिस्सा १० टक्के.
• विशेष प्रवर्ग (अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, महिला, माजी सैनिक, दिव्यांग इत्यादी) : शहरी भागात २५ टक्के, ग्रामीण भागात ३५ टक्के. स्वतःचा हिस्सा ५ टक्के.

उदाहरण : शहरातील एका महिलेचा प्रकल्प ६ लाख रुपयांचा आहे. तिचा हिस्सा ३० हजार रुपये आणि बँकेचे कर्ज ५ लाख ७० हजार रुपये होईल. अनुदान १ लाख ५० हजार रुपये असेल. हे अनुदान हातात मिळत नाही. ते बँकेत तीन वर्षे वेगळ्या ठेवीत राहते आणि व्यवसाय सुरू असल्याची तपासणी झाल्यावर कर्जात वळते केले जाते. म्हणून पहिल्या तीन वर्षांचे हप्ते भरण्याची तयारी आधीच करून ठेवावी.

अर्ज ऑनलाइन व मोफत आहे. खादी व ग्रामोद्योग आयोग, राज्याचे खादी मंडळ किंवा जिल्हा उद्योग केंद्र यांपैकी एका संस्थेची निवड करावी लागते. कार्यक्रमाला २०२५-२६ पर्यंत मंजुरी देण्यात आली होती, त्यामुळे अर्ज करताना पोर्टलवरील चालू स्थिती पाहावी. महाराष्ट्रातील अर्जदारांसाठी जिल्हा उद्योग केंद्रामार्फत राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही आहे. एकाच प्रकल्पासाठी दोन्हींचा लाभ घेता येत नाही.

(इ) सफाई कामगार व त्यांच्या कुटुंबांसाठी

राष्ट्रीय सफाई कर्मचारी वित्त व विकास महामंडळाची स्थापना १९९७ मध्ये झाली. या महामंडळाच्या ‘स्वच्छता उद्यमी योजने’त यांत्रिक सफाईची वाहने आणि साधने घेण्यासाठी सवलतीचे कर्ज दिले जाते. गटारे आणि मैला टाक्या साफ करणाऱ्या कामगारांसाठी केंद्र शासनाची ‘नमस्ते’ योजना २०२३-२४ पासून सुरू आहे. तिच्यात कामगारांची नोंद, सुरक्षा साधनांचा संच, प्रशिक्षण आणि आयुष्मान भारत आरोग्य विमा यांचा समावेश आहे. सफाईची यंत्रे किंवा वाहन घेण्यासाठी व्यक्तीला ५ लाख रुपयांपर्यंत आणि पाच जणांच्या गटाला १८ लाख ७५ हजार रुपयांपर्यंत भांडवली अनुदान मिळू शकते. २०२४ मध्ये कचरावेचकांचाही या योजनेत समावेश करण्यात आला. नोंदणीसाठी आपल्या नगरपालिकेच्या किंवा महानगरपालिकेच्या आरोग्य व स्वच्छता विभागाशी संपर्क साधावा.

या तरतुदीचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. जो माणूस काल टाकीत उतरत होता, तोच उद्या सक्शन गाडीचा मालक व्हावा हा योजनेचा हेतू आहे.

(ई) ज्या योजना या व्यवसायाला लागू नाहीत

पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यांत झाडू बनवणारे आणि धोबी येतात, पण साफसफाईची सेवा येत नाही. पीएम स्वनिधी योजना फेरीवाल्यांसाठी आहे. या योजनांत बसवून देतो असे सांगून कोणी पैसे मागत असेल तर ती फसवणूक आहे.

(उ) प्रशिक्षण

बहुतेक जिल्ह्यांत बँकांनी चालवलेली ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे. तेथे १८ वर्षांवरील ग्रामीण युवक-युवतींना मोफत प्रशिक्षण, राहण्याची व जेवणाची सोय मिळते. कर्जाचा अर्ज तयार करण्यासही मदत होते.

५. दर कसा ठरवावा

‘शेजारचा जेवढे घेतो त्यापेक्षा शंभर रुपये कमी’ असा दर लावल्यास कामगाराची मजुरी किंवा स्वतःचा पगार बुडतो. दर नेहमी माणसाच्या तासांवरून काढावा. पुढील आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत. आपल्या भागातील मजुरी आणि भाव घालून हिशेब करावा.

दोन बेडरूमच्या घराची संपूर्ण सफाई, ३ माणसे, प्रत्येकी ६ तास, म्हणजे १८ तास :

• मजुरी : १८ तास, ताशी ७५ रुपये = १,३५० रुपये
• रसायने व फडकी = २५० रुपये
• प्रवास = २०० रुपये
• यंत्रांची झीज = १५० रुपये
• फोन, हिशेब, विमा व इतर = २५० रुपये
• एकूण खर्च = २,२०० रुपये
• नफा, खर्चाच्या २० टक्के = ४४० रुपये
• ग्राहकाला सांगायचा दर = २,६४० रुपये

जीएसटी नोंदणी असेल तर त्यावर १८ टक्के, म्हणजे ४७५ रुपये २० पैसे वेगळे लागतील. मालक स्वतः काम करत असेल तर त्याचेही तास मजुरीत धरावेत. तसे न केल्यास व्यवसाय नफ्यात दिसतो, पण प्रत्यक्षात मालक फुकट राबतो.

मजुरीचा दर राज्याने ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा कमी असू नये. किमान वेतनात बसत नाही असे मासिक कंत्राट घेऊ नये, कारण कमी दिलेल्या वेतनाची जबाबदारी कंत्राटदारावर येते.

फोनवर दर सांगणे टाळावे. जागा पाहावी, छायाचित्रे घ्यावीत आणि काय साफ होणार, काय होणार नाही, पाणी व वीज कोण देणार हे एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.

६. बिलाचे पैसे अडकल्यास

सूक्ष्म व लघु उद्योगांना वेळेत पैसे मिळावेत यासाठी २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात स्पष्ट तरतूद आहे.

• लेखी करारात मुदत ठरली असेल तर त्या मुदतीत पैसे द्यावे लागतात, पण ही मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही.
• करारात मुदत नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात.
• उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते.

तक्रार ऑनलाइन करता येते. ती राज्याच्या सुविधा परिषदेकडे जाते. त्यासाठी उद्यम नोंदणी आवश्यक आहे. वाद टाळण्यासाठी ही नोंदणी पहिले काम घेण्याआधीच करून ठेवावी. प्रत्येक महिन्याच्या कामावर ग्राहकाची सही घ्यावी आणि बिल दिल्याची पोच जपून ठेवावी. हे दोन कागद नसतील तर तक्रार टिकणे कठीण जाते.

कंपनी किंवा संस्था कंत्राटी बिलातून टीडीएस कापते. कंत्राटदार व्यक्ती असेल तर हा दर साधारणपणे १ टक्का असतो. ही रक्कम बुडत नाही. आयकर विवरणपत्र भरल्यावर ती करात वळती होते किंवा परत मिळते. लहान व्यवसायांना अनुमानित उत्पन्नाची पद्धत निवडता येते. तिच्यात रोखीच्या उलाढालीच्या ८ टक्के आणि बँक किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या उलाढालीच्या ६ टक्के रक्कम उत्पन्न मानली जाते.

शासकीय कामे : शासकीय कार्यालयांची बरीच सफाई कंत्राटे ‘जेम’ या शासकीय ई-बाजारपेठेवरून निघतात. २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्रीय मंत्रालये आणि सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावयाची असते. त्यांत ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहेत. सूक्ष्म व लघु उद्योगांना बयाणा रकमेत सूट मिळते.

७. जीव धोक्यात घालणारी कामे

(अ) मैला टाकी आणि गटार

हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर बंदी व पुनर्वसन कायदा, २०१३ हा ६ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे. त्याच्या कलम ७ नुसार कोणतीही व्यक्ती, संस्था किंवा स्थानिक प्राधिकरण गटाराच्या किंवा मैला टाकीच्या धोकादायक सफाईसाठी कोणालाही कामावर लावू शकत नाही. पहिल्या गुन्ह्यासाठी २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुढील गुन्ह्यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूसाठीची भरपाई ३० लाख रुपये केली.

मैला टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन हे वायू साठतात आणि प्राणवायू कमी असतो. हायड्रोजन सल्फाइडला सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढल्यावर नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते, त्यामुळे ‘आता वास येत नाही, म्हणजे उतरायला हरकत नाही’ हा समज जीवघेणा आहे. जळती काडी टाकून पाहण्याची पद्धतही धोकादायक आहे, कारण मिथेन पेट घेतो.

सोसायटीचा सेक्रेटरी किंवा घरमालक ‘दहा मिनिटांचे काम आहे, माणूस उतरवा, वरचे पैसे देतो’ असे म्हणतो, तेव्हा सरळ नकार द्यावा. कामगाराने लेखी संमती दिली तरी कायद्यातून सुटका होत नाही. अशा वेळी नगरपालिकेची किंवा परवानाधारक सक्शन गाडी बोलवावी. मैला टाकी व गटार यासंबंधीच्या तक्रारींसाठी १४४२० हा मदत क्रमांक आहे.

कोणी टाकीत बेशुद्ध पडले असेल तर त्याला वाचवण्यासाठी मागोमाग उतरू नये. अशा अपघातांत वाचवायला गेलेला दुसरा आणि तिसरा माणूसही दगावतो. ताबडतोब ११२ किंवा अग्निशमन दलाच्या १०१ क्रमांकावर फोन करावा.

(आ) पाण्याची टाकी

जमिनीखालील टाकीही बंदिस्त जागा असते. झाकण आधीच उघडून पंख्याने हवा खेळती करावी. एक माणूस सतत वर उभा असावा. टाकीत ब्लीच आणि ॲसिड एकत्र वापरू नये. पाण्याचा पंप सुरू असताना कोणीही टाकीत नसावे, कारण पंपाचा विद्युतप्रवाह पाण्यात उतरू शकतो.

(इ) उंचीवरील काम

खिडकीबाहेरच्या कठड्यावर उभे राहून काच पुसण्यास कामगाराला सांगू नये. आतून लांब दांड्याचा वायपर वापरावा. बाहेरून काम करायचे असल्यास सुरक्षा पट्टा पक्क्या आधाराला बांधलेला असावा. ग्रिलला बांधलेला दोर आधार मानू नये.

८. कामगारांसाठीच्या तरतुदी

• नियुक्तीपत्र द्यावे. त्यात काम, वेतन आणि वेतनाची तारीख लिहावी. वेतन शक्यतो बँक खात्यात जमा करावे.
• राज्य कामगार विमा : १० किंवा अधिक कामगार असल्यास आणि वेतन दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत असल्यास लागू. मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५ टक्के. कामगार व त्याच्या कुटुंबाला उपचार मिळतात.
• भविष्य निर्वाह निधी : २० किंवा अधिक कामगार असल्यास लागू. सर्वसाधारणपणे मालक व कामगार प्रत्येकी १२ टक्के भरतात.
• आपले कामगार कमी असले तरी ज्या कंपनीत काम करता ती या कायद्यांखाली येत असेल, तर तेथील कंत्राटी कामगारांनाही ते लागू होतात. दर सांगण्यापूर्वी हे विचारून घ्यावे.
• ई-श्रम : भविष्य निर्वाह निधी किंवा राज्य कामगार विमा लागू नसलेल्या असंघटित कामगारांची नोंदणी मोफत होते. मदत क्रमांक १४४३४.
• प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना : वर्षाला २० रुपये हप्ता, २ लाख रुपयांचे अपघात संरक्षण, वय १८ ते ७०.
• प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना : वर्षाला ४३६ रुपये हप्ता, २ लाख रुपयांचे जीवन संरक्षण, वय १८ ते ५०.
• प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन : वय १८ ते ४० आणि मासिक उत्पन्न १५ हजार रुपयांपर्यंत असलेल्या असंघटित कामगारांना वयाच्या साठीनंतर दरमहा ३ हजार रुपये निवृत्तिवेतन.
• महिला कामगारांना अनोळखी घरी एकटे पाठवू नये. १० किंवा अधिक कामगार असल्यास लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. त्याहून कमी असल्यास जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

दोन्ही विमा योजनांचे हप्ते मालकाने भरल्यास एका कामगारामागे वर्षाला ४५६ रुपये खर्च येतो.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : मी एकटीच काम करते. मला उद्यम नोंदणी करता येईल का?
उत्तर : होय. एकल मालकीचा व्यवसाय म्हणून स्वतःच्या आधार व पॅनवर नोंदणी होते.

प्रश्न : घराच्या पत्त्यावर नोंदणी चालते का?
उत्तर : होय. साधने घरी ठेवून ग्राहकाकडे जाऊन काम केले जाते, त्यामुळे घराचा पत्ता देता येतो.

प्रश्न : ग्राहकाने चोरीचा आळ घेतला तर काय करावे?
उत्तर : कामगारांची पोलीस पडताळणी आधीच करून घ्यावी. मौल्यवान वस्तू ग्राहकाने स्वतः उचलून ठेवाव्यात हे करारात लिहावे. काम सुरू होताना आणि संपताना ग्राहकासोबत खोल्या पाहून सही घ्यावी. आळ आला तरी कामगाराची झडती घेण्याचा अधिकार ग्राहकाला नाही. त्याने पोलिसांत तक्रार करावी.

प्रश्न : पूर्वी सुरू असलेल्या व्यवसायासाठी रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे अनुदान मिळेल का?
उत्तर : नाही, ते नवीन उद्योगासाठीच आहे. चालू व्यवसाय वाढवण्यासाठी मुद्रा कर्ज घेता येते.

प्रश्न : बँकेने मुद्रा अर्ज नाकारला. पुढे काय करावे?
उत्तर : नाकारण्याचे कारण लेखी मागावे. थकीत कर्ज किंवा अपुरे कोटेशन ही कारणे असतील तर ती दूर करून पुन्हा अर्ज करता येतो. दुसऱ्या बँकेतही अर्ज करता येतो. कारण न देता नाकारल्यास त्या बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार करावी.

पहिल्या महिन्याची तपासणी यादी

१. उद्यम नोंदणी झाली आहे.
२. व्यवसायासाठी स्वतंत्र बँक खाते उघडले आहे.
३. शॉप ॲक्ट किंवा आपल्या राज्यातील समकक्ष नोंदणी झाली आहे.
४. दराचा हिशेब माणसाच्या तासांवरून केला आहे.
५. एक पानी करार आणि क्रमांक असलेले बिल पुस्तक तयार आहे.
६. प्रत्येक कामगाराकडे हातमोजे, गमबूट व मास्क आहेत.
७. प्रत्येक कामगाराचा अपघात विमा व ई-श्रम नोंदणी झाली आहे.
८. मैला टाकीत किंवा गटारात माणूस उतरवणार नाही, हे करारात छापलेले आहे.